कॅमेरा कोणता यापेक्षा उभं कुठे राहायचं: नाशिकमधले लेन्सचे अनुभव

गोदातीर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

'कोणता कॅमेरा घेऊ?' हा प्रश्न इथे सारखा येतो आणि चर्चा लगेच कंपन्यांवर जाते. निकॉनवाले निकॉन सांगतात, कॅननवाले कॅनन, आणि विचारणारा होता तिथेच राहतो. मी नोकरी सांभाळून बरीच वर्षं नाशिक आणि आसपास फोटो काढतोय. काही बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) बदलल्या, लेन्स त्याहून जास्त. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय ते मांडतो, पटलं नाही तर मोकळेपणाने सांगा. लेन्स घेताना 'मला कशाचे फोटो काढायचेत' याच्याही आधी 'तिथे मला कुठे उभं राहता येतं' हे विचारावं.

जुन्या नाशिकपासून सुरुवात करतो. पहिला कॅमेरा निकॉन डी३२००, सोबत १८-५५ची किट लेन्स. पुढे ५० एमएम एफ/१.८जी आली. लेन्स म्हणून फार गुणी. पण डी३२००चा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा (जुन्या ३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर) लहान, निकॉनच्या हिशोबात फरक दीडपट. ५० एमएमची चौकट फुलफ्रेमवरच्या ७५ एमएमइतकी अरुंद होते. आता भांडी बाजारात जा. दुकानाच्या उंबऱ्याशी मालक बसलाय, मागे पितळी हंडे छतापर्यंत रचलेत, तपेल्यांवर रस्त्यावरचा उजेड पडलाय. तुम्ही समोरच्या दुकानाच्या पायरीला पाठ लावली तरी ५०मध्ये येतो फक्त माणसाचा चेहरा आणि दोन हंडे. मधून स्कूटर जातेच. तिथे ३५ एमएम एफ/१.८जी डीएक्स लावली आणि माणूस, हंडे, उंबरा सगळं एका चौकटीत बसलं. आजही गावात फिरताना कॅमेऱ्यावर तीच असते. ५० मी गोदाआरतीला वापरतो, कारण घाटाच्या पायऱ्यांवर चार पावलं मागे सरायला जागा मिळते.

काळाराम मंदिराचं वेगळंच. तिथे उभं राहायला प्रशस्त आवार आहे, त्यामुळे १८-५५ पुरते, लेन्सचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो काळ्या दगडाचा. कॅमेऱ्यातला मीटर समोर दिसेल ते मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. अख्खी चौकट काळ्या पाषाणाने भरली की तो उजेड वाढवतो, दगड राखाडी दिसतो आणि पांढऱ्या धोतरातले आजोबा पार पांढरे फटक होतात, धोतराची एक घडी दिसत नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर घ्या, ऊन कडक असेल तर त्याहून थोडं खाली. दगड काळा राहतो, घड्या दिसतात. हे पाच हजाराच्या कॅमेऱ्यालाही लागू आहे आणि पाच लाखाच्याही.

आता नांदूर मधमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा, त्यामागे साचलेला गाळ, पाणवनस्पती आणि पक्षी. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून ते जाहीर झालं आणि तेव्हापासून हिवाळ्यातल्या रविवारी मोठ्या लेन्सा पुष्कळ दिसतात. तिथे तुम्ही उभे राहता ते काठावर किंवा मनोऱ्यावर, आणि पक्षी बसतात त्यांच्या मर्जीने. पुढे सरकण्याचा पर्याय नाही आणि असूही नये. म्हणून तिथे फोकल लेंग्थ, म्हणजे लांबचं जवळ आणणारा मोठा एमएमचा आकडा, खरोखर लागते. माझ्याकडे आधी ७०-३०० होती. काठाजवळच्या जांभळ्या पाणकोंबड्यांना ती पुरते. चक्रवाक मात्र मधल्या उथळ पाण्यात असतात, त्यांचे ३००वर ठिपके येतात.

मग डी७२०० आणि त्यावर निकॉनची २००-५०० एफ/५.६. ट्रायपॉडच्या कॉलरसह वजन २३०० ग्रॅम. डोळ्यापाशी फार वेळ धरवत नाही, म्हणून मी मनोऱ्याच्या कठड्यावर बीनबॅग ठेवतो. घरी शिवलेली, आत मोहरी. ट्रायपॉडपेक्षा हे बरं, कारण कोणी जिना चढलं की मनोऱ्याच्या लाकडी तळाला हादरा बसतो आणि तो ट्रायपॉडच्या पायांतून थेट लेन्सपर्यंत येतो. या लेन्सबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो: ५०० एमएमला तुम्ही पक्ष्याचा फोटो काढता तसाच मधल्या हवेचाही काढता. दहा वाजले, ऊन तापलं की पाण्यावरची हवा लहरायला लागते. मग फोकस अचूक असूनही पिसं पुसट येतात आणि लोक लेन्सला नावं ठेवतात. सकाळी साडेसहा ते नऊ याच वेळात तीच लेन्स पिसांच्या कडा मोजून देते. उन्हात दुरून काढलेल्या फोटोवरून कुठल्याही लेन्सची परीक्षा करू नये, ही माझी कळकळीची विनंती.

नांदूर निफाड तालुक्यात येतं, तिथली आणखी एक खासियत. डिसेंबर-जानेवारीत तिथलं तापमान राज्यात सगळ्यात खाली जातं. बॅटरी लवकर उतरते. जादाची बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. परतताना थंड लेन्स गरम गाडीत उघडी ठेवू नका, काचेवर दव धरतं. बॅगेची चेन लावून अर्धा तास तशीच राहू द्या.

पांडवलेण्यांत पुन्हा उलट. तीन नंबरच्या लेण्याचा व्हरांडा सहा यक्षांनी खांद्यावर पेललाय. ते सहाही एका चौकटीत घ्यायचे तर मागे जायला जागा अपुरी, म्हणून वाइड लागते. मी मित्राची १०-२० मागून नेतो. आत अंधार, आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते. तेव्हा श्वास रोखून, खांबाला टेकून, शटर एक अष्टमांश सेकंदापर्यंत. शिलालेखासाठी मात्र वाइड नको. भिंतीला समांतर उभं राहून ३५ किंवा ५०, आणि उजेड तिरपा असेल अशी वेळ निवडा. समोरून उजेड आला तर ब्राह्मी अक्षरं भिंतीत विरून जातात, तिरपा आला की प्रत्येक खाचेत सावली बसते आणि अक्षर वर येतं.

सध्या बॉडी झेड५० आहे, मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली. जुन्या एएफ-एस लेन्सा एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर व्यवस्थित चालतात. वजन कमी झालं आणि चित्र आधीच दिसतं, म्हणजे काळारामचा दगड राखाडी होतोय हे शटर दाबण्यापूर्वी कळतं. मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच.

तुमचे अनुभव लिहा. कुठल्या जागी काय वापरता, तेही आवर्जून सांगा.

---

काठावरचा

छान धागा दादा. मी निफाड तालुक्यातलाच, पाणी आमच्या शेतापासून लांब नाही. तुमच्या मुद्द्याला माझा पाठिंबा, पण निष्कर्ष वेगळा. माझ्याकडे निकॉनचा कूलपिक्स पी९०० आहे. २४ ते २००० एमएम, एकाच कॅमेऱ्यात, वजन किलोच्या आत. आम्हाला रोज पाण्याकडे जावं लागतं, मोटार चालू करायची, पाइप बघायचे. दोन किलोची लेन्स कोण घेऊन जाईल? पी९०० हँडलला अडकवलेला असतो. शेताच्या बांधावरून मी पाण्यातल्या खुंटावर मासा फाडत बसलेला ऑस्प्रे काढलाय. नखं माशात रुतलेली दिसतात. तुमच्या ५००ला तो किती मोठा आला असता?

---

गोदातीर

काठावरचा, खुंटावर बसलेल्या पक्ष्याला तुमचाच कॅमेरा सरस, हे मान्य. स्थिर पक्षी, चांगला उजेड, लांबचं अंतर, तिथे पी९००ला तोड नाही. फरक पडतो तो सूर्य उगवण्याच्या वेळी आणि उडत्या पक्ष्याला. त्याचा सेन्सर १/२.३ इंचाचा, म्हणजे मोबाइलच्या जातीचा छोटा. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८००च्या पुढे पिसांचा पोत जाऊन रंगाचे डाग राहतात. उडणाऱ्या पक्ष्याला मला शटर किमान १/१६०० लागतं, सकाळच्या धुक्यात त्याला आयएसओ १६००-३२०० येतोच. तिथे एपीएस-सी तग धरतो.

आणि तुम्ही रोज पाण्यावर आहात, ही गोष्ट कुठल्याही लेन्सपेक्षा मोठी आहे. पक्षी कुठल्या खुंटावर कधी येतो हे तुम्हाला माहीत, आम्ही शहरातून येऊन शोधत बसतो.

---

कंदीलपुष्प

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, फोटो हा त्याचा भाग म्हणून सुरू झाला. 'कुठे उभं राहायचं' हे वाचून बरं वाटलं, कारण अंजनेरीच्या पठारावर पाय कुठे टेकवायचा हा फोटोच्याही आधीचा प्रश्न आहे.

पावसाळ्यात वर गेलात तर सोनकी, तेरडा सगळ्यांना दिसतो. पण तिथे सेरोपेजिया अंजनेरिका नावाचं कंदीलपुष्प आहे, याच डोंगरावरून त्याचं नाव ठेवलंय, आणि ते फार थोड्या जागी आढळतं. गवतात एवढंसं, बोटभर उंच. एका फुलाच्या फोटोसाठी गुडघे टेकवणारे लोक शेजारची चार रोपं चिरडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मी थोडं अंतर राखून काढता येईल अशी लेन्स वापरते. माझ्याकडे कॅननची ५५-२५० आणि तिच्यापुढे रेनॉक्स डीसीआर-२५० ही चिमट्याने बसणारी भिंगाची जोडणी. शक्ती आठ डायॉप्टर. फुलापासून साधारण बारा सेंटिमीटरवर राहून पाकळ्यांच्या टोकाची लव दिसते. अस्सल मॅक्रो लेन्सपेक्षा खर्च कितीतरी कमी.

काही गोष्टी अनुभवाने सांगते. अ‍ॅपर्चर एफ/११च्या पुढे नेऊ नका (आकडा वाढतो तसं भिंगाचं छिद्र लहान होतं). सगळं फोकसमध्ये येईल म्हणून एफ/२२ ला गेलात तर विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून उजेड पसरल्यामुळे, सगळंच पुसट येतं. वर वारा सतत असतो, फूल डुलतं. त्याला हाताने धरू नका, वाऱ्याच्या दोन झुळकांमध्ये थांबा. ढगाळ दिवस उत्तम, पाकळ्यांवर चमक येत नाही. आणि कंदीलपुष्पाचा वरून फोटो काढाल तर ते फूल आहे हेच कळणार नाही. कॅमेरा जमिनीच्या पातळीला, कंदिलाची नळी बाजूने. माझ्या कॅमेऱ्याचा स्क्रीन बाहेर वळतो, त्यामुळे मला आडवं व्हावं लागत नाही. फुलं काढणाऱ्याने बॉडी घेताना मेगापिक्सेलच्या आधी हा वळणारा स्क्रीन बघावा.

नेमकी जागा मात्र कोणी विचारू नये, मी जाहीर सांगणार नाही. फोटोतून लोकेशन काढून मगच टाका.

---

गोदातीर

ताई, हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवावा असा आहे. लोकेशनचा मुद्दा नांदूरच्या घरट्यांनाही तितकाच लागू.

---

रोलवाला

मी सत्तरीच्या पुढचा आहे, त्यामुळे माझं थोडं मागून सुरू होतं. माझा पहिला कॅमेरा आग्फाचा क्लिक थ्री. १२० चा रोल, बारा फोटो, चौकोनी. पुढे पेंटॅक्स के१००० मिळाला, तो अजून चालू आहे. त्यात सगळं यांत्रिक, बॅटरी फक्त मीटरला. ती संपली तरी शटर पडतंच.

गोदातीर यांनी काळारामचं लिहिलं ते वाचून सांगावंसं वाटलं. आमच्याकडे मीटर नसताना एक नियम होता, सनी सिक्स्टीन. लख्ख ऊन असेल तर अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर फिल्मच्या आयएसओ इतकं. १००ची फिल्म, १/१२५ शटर. यात आपण दगडावरून परत येणारा उजेड मोजतच नाही, आकाशातून पडणारा धरतो. म्हणून दगड काळा असो की धोतर पांढरं, दोन्ही आपापल्या जागी येतात. डिजिटलवरही मॅन्युअल करून बघा, आजही तंतोतंत चालतं.

आता जुन्या भिंगांविषयी. माझ्याकडे रशियन हेलिओस ४४-२ आहे, ५८ एमएम एफ/२, एम४२ स्क्रूची. नातवाच्या कॅनन डीएसएलआरवर (आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) साध्या रिंगने बसते. एफ/२ला मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात. तपोवनातल्या झाडांखाली नातीचा फोटो काढला, मागचा सगळा पाला तिच्याभोवती वळलाय. फोकस हाताने, सावकाश. मला ते सावकाश करणंच आवडतं.

पण निकॉन डीएसएलआरवाल्यांनी ही हेलिओस घेताना जपून. एम४२ लेन्स सेन्सरपासून ४५.४६ मिलिमीटरवर बसायला हवी. कॅनन ईएफ माउंटचं (लेन्स बसते त्या कड्याचं) अंतर ४४, म्हणजे रिंगला जागा उरते. निकॉन एफचं ४६.५, म्हणजे लेन्स आधीच जास्त पुढे जाते आणि लांबचं काही फोकस होत नाही. मिररलेसवर ही अडचण नाही, झेडचं अंतर फक्त १६ आहे.

---

जुनंनाशिक

काका, सनी सिक्स्टीन उद्याच करून बघतो.

माझा अनुभव रंगपंचमीचा. बाहेरगावच्या वाचकांसाठी: जुन्या नाशकात आणि पंचवटीत पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, जमिनीत बांधलेले मोठे चौकोनी हौद. वर्षभर लाकडी फळ्या टाकून बुजवलेले असतात, रंगपंचमीच्या आधी उघडतात, पूजा होते, फुलांपासून केलेला रंग उकळून ओततात. प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा. आणि मग लोक आत धप्पा मारतात.

धप्प्याचा फोटो काठावरूनच. उडालेला रंग तुमच्या डोक्यावरून जातो. मी पूर्वी किट झूम घेऊन उभा राहायचो. झूम करताना नळी बाहेर येते, आत जाताना ओली हवा आणि रंग आत ओढते. आता २४ एमएमची पॅनकेक, म्हणजे चपटी लेन्स, लावतो, कॅननच्या क्रॉपवर (लहान एपीएस-सी सेन्सरवर) ३८ एमएमची चौकट. नळी बाहेर येत नाही, समोर साधा यूव्ही फिल्टर, अंगावर प्लॅस्टिकची पिशवी, तिला लेन्सच्या तोंडाशी रबर बँड. शटर १/१०००, बर्स्ट, म्हणजे लागोपाठ फोटो. नेम धरायचा तो पाणी फुटण्याच्या क्षणावर नाही, उडी मारणाऱ्याचे पाय काठावरून सुटतात त्यावर. पाय सुटले की बर्स्ट सुरू, मग हवेतला माणूस आणि वर उसळलेला रंग दोन्ही मिळतात.

मोठी लेन्स लांबून लावलेले लोक दिसतात, पण मधे इतकी डोकी असतात की धप्पा दिसतच नाही. तुमचा मुद्दा इथे अगदी लागू पडतो.

---

नवखा_सातपूर

सर्वांना नमस्कार. मी सातपूर एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो, आत्तापर्यंत मोबाइलवर काढत होतो. आता कॅमेरा घ्यायचाय, बजेट ४० हजार, एक पैसा वर नाही. आवड दोन गोष्टींची: पक्षी, आणि आमच्या मंडळाचं ढोल पथक. डीएसएलआर घ्यावा की मिररलेस? एका दुकानात सांगितलं डीएसएलआर आता बंद झाले, घेऊच नका.

---

त्रिरश्मी

डीएसएलआरची नवी मॉडेल येणं जवळपास थांबलंय, हे खरं. कंपन्यांचं सगळं लक्ष मिररलेसकडे आहे. पण त्याचमुळे वापरलेले डीएसएलआर आणि लेन्सा स्वस्त झाल्यात, आणि शटर काय कालच्याइतकंच उघडतं. तुमच्या बजेटला माझं मत सरळ आहे: वापरलेली कॅननची एपीएस-सी बॉडी, त्यावर ५५-२५० आयएस एसटीएम, आणि ढोलासाठी ५० एफ/१.८ एसटीएम. ५५-२५० फक्त ३७५ ग्रॅमची आहे, क्रॉपवर ४०० एमएमची चौकट देते.

निकॉनकडे वळलात तर एक बघा. डी३०००, डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी ५० एफ/१.८डी स्वस्त मिळते म्हणून घेतली तर ती ऑटोफोकस करणार नाही. नावात एएफ-एस (मोटर लेन्समध्येच) असलेलीच घ्या.

---

सेन्सरप्रेमी

त्रिरश्मी, मी वेगळं सांगेन. ढोल पथकात हात, टिपरू, ताशावाल्याचा चेहरा सगळं हलतं असतं. मिररलेसचं डोळा ओळखणारं फोकस तिथे जे देतं ते जुन्या डीएसएलआरला जमत नाही. बजेट ४० आहे तर वापरलेली मिररलेस बॉडी आणि एक लेन्स घ्यावी, पक्षी वर्षभराने. दोन्ही एकदम घ्यायला गेलं की दोन्हीत तडजोड होते.

---

त्रिरश्मी

मान्य, पण त्याने दोन आवडी सांगितल्या आहेत. एक वर्ष पक्षी नको म्हणणं मला पटत नाही. नांदूरचा हंगाम हिवाळ्याचा, ढोल गणपतीचा. ५५-२५० असली तर दोन्ही हंगाम हातात राहतात. शिवाय पथकाचा सराव संध्याकाळी होतो, तिथे ५० एफ/१.८ लागतेच. कॅननच्या मिररलेसवर त्याच किमतीत दोन लेन्स बसवणं अवघड.

---

गोदातीर

नवखा, माझं मत त्रिरश्मींकडे झुकतं, पण एक प्रश्न आधी: पथकात तुम्ही वाजवता की बाहेरून बघता?

---

नवखा_सातपूर

वाजवत नाही, ध्वजाजवळ असतो. म्हणजे पथकाच्या आतच.

---

गोदातीर

मग ५० नको. आत उभे असाल तर समोरचा ढोलवाला दोन-तीन हातांवर असतो. ५०मध्ये त्याचा ढोल नाही तर चेहरा, एकच काहीतरी येईल. वर जुनंनाशिकने सांगितलेली २४ पॅनकेक घ्या, एफ/२.८ आहे, सरावाच्या दिव्यांत आयएसओ ३२००वर चालून जाईल. शटर १/५०० ठेवलं तर टिपरू स्थिर दिसतं. १/६० ला चेहरा स्थिर आणि टिपरू फिरतं दिसतं. मला दुसरं जास्त आवडतं, त्यात आवाज ऐकू येतो.

---

काठावरचा

गोदावरीच्या पुराचं कोणी लिहिलं नाही. २०१९ ऑगस्टला तुम्ही शहरवाले कुठे होता?

---

जुनंनाशिक

होळकर पुलावर, अर्ध्या नाशकासोबत. आमच्याकडे पूर दुतोंड्या मारुतीवर (गोदाघाटावरची मूर्ती) मोजतात: गुडघ्याला आला, कमरेला आला, छातीला. त्या दिवशी मारुती दिसेनासाच झाला.

लेन्स ५५-२५०. घाटावर पोलीस सोडत नाहीत आणि बरोबरच करतात, त्यामुळे पूल किंवा एखाद्या नातेवाइकाची गच्ची, एवढ्याच जागा. पुलावर ट्रायपॉड निरुपयोगी. लोक चालत असतात, पूल हलका थरथरतो. १/५००ने पाण्यातले ओंडके, फेस सगळं गोठतं. पण मला बरे वाटले ते १/१५ चे फोटो, कॅमेरा कठड्याला दाबून धरलेला: देवळांचे कळस स्थिर आणि त्यांच्या भोवतीचं गढूळ पाणी वाहतं. पाण्याचा जोर त्यातच कळतो. पावसाचे थेंब काचेवर पडणारच, हूड उलटा न ठेवता पुढे लावा आणि खिशात कोरडा सुती रुमाल ठेवा.

---

कंदीलपुष्प

पावसाचा विषय निघालाच आहे तर बुरशीबद्दल सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीने चामडी डब्यात ठेवलेली वडिलांची लेन्स आणून दाखवली, आतून काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. चामडं ओल धरून ठेवतं, त्यात लेन्स कधीच ठेवू नये. बुरशी नुसती बसत नाही, काचेवरचा लेप खाते. उशिरा कळलं तर पुसून काढल्यावरही खूण राहते.

घरगुती उपाय: घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचं. ३०च्या खाली नेऊ नका, रबर आणि आतलं वंगण वाळतं. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. आणि लेन्स वापरात ठेवा. हवा, उजेड मिळणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

---

नवखा_सातपूर

खूप आभार सगळ्यांचे. एमजी रोडला एकाकडे वापरलेली कॅनन बॉडी आणि ५५-२५० मिळतेय, रविवारी बघायला चाललोय. काय काय तपासू? एकटाच जाणार आहे.

---

रोलवाला

बेटा, मोबाइलचा टॉर्च घेऊन जा. लेन्सची दोन्ही झाकणं काढून एका बाजूने टॉर्च तिरपा मार, दुसऱ्या बाजूने बघ. धुळीचे दोन-चार कण असले तर सोडून दे. तंतू किंवा धुकट पट्टा दिसला तर लेन्स खाली ठेव आणि घरी ये, भाव कितीही कमी केला तरी.

---

गोदातीर

काकांच्या सांगण्यात थोडी भर. फिल्टर लावायच्या धातूच्या रिंगला चेप आहे का पाहा. असेल तर लेन्स पडलेली आहे. बॉडीवर अ‍ॅपर्चर एफ/२२ करून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा, मोठा करून बघा. सेन्सरवरची घाण काळ्या ठिपक्यांनी दिसते. ती साफ होते, पण भाव करायला उपयोगी. लेन्स ५५वरून २५०वर आणि परत, सावकाश फिरवा, कुठे अडकली किंवा खरखरली तर विचारा. स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू-बंद करून २५०ला १/३० वर दोन फोटो काढा, फरक दिसलाच पाहिजे. शटर किती वेळा पडलंय ते दुकानदाराला कॉम्प्युटरवर दाखवायला सांगा. नवशिक्यांसाठीच्या बॉडींना लाखभर फोटोंच्या आसपास आयुष्य धरतात, म्हणून २०-२५ हजार फोटोंच्या आतली मिळाली तर उत्तम. आणि बॅटरी फुगलेली नाही ना, तेवढं बोटाने चाचपून बघा.

दुकानात भिंतीचेच फोटो काढू नका. दारात उभं राहून रस्त्यावरची चालती रिक्षा २५०ला पकडून बघा, फोकस धावतं की नाही ते लगेच कळेल. आणि मेमरी कार्ड स्वतःचं न्या, म्हणजे फोटो घरी आणून मोठ्या स्क्रीनवर बघता येतील. शंका वाटली तर पैसे द्यायच्या आधी इथे टाका, मी रविवारी दुपारपर्यंत ऑनलाइन आहे.